आधी प्रश्न, मग कागद : प्राथमिक आणि दुय्यम साधने वर्गात कशी शिकवावी

"प्राथमिक साधन म्हणजे काय?" असे अकरावीच्या किंवा बीएच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारून पाहा. उत्तरे साधारण अशी येतात : जे आधी वाचायचे ते, जे सोपे असते ते, जे महत्त्वाचे असते ते. यात मुलांची चूक नाही. 'प्राथमिक' हा शब्द त्यांनी ऐकलेला असतो तो प्राथमिक शाळेत नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि 'दुय्यम' म्हटले की त्यांना दुय्यम दर्जाच आठवतो. एका प्रकल्पवहीत मला प्राथमिक साधनांच्या मथळ्याखाली चौथीचे पाठ्यपुस्तक आणि दुय्यमच्या खाली अठराव्या शतकातल्या पत्रांचा खंड लिहिलेला दिसला होता. त्या दिवसापासून मी या विषयाची सुरुवात व्याख्येने करणे सोडले. हा लेख नव्याने प्रकल्प घेऊ लागलेल्या शिक्षकांसाठी आहे. उदाहरणे इतिहासातली आहेत, कारण माझा विषय तो आहे.

पहिली पायरी : शब्दांचा गुंता सोडवा

पहिला आठवडाभर 'प्राथमिक' आणि 'दुय्यम' हे शब्द बाजूला ठेवा. त्याऐवजी 'त्या वेळचे' आणि 'नंतर त्याविषयी लिहिलेले' एवढेच म्हणा. जुने संशोधक 'अस्सल कागद' म्हणत. तो शब्द मुलांना लगेच कळतो, कारण घरात अस्सल आणि झेरॉक्स यांतला फरक त्यांना ठाऊक असतो.

दुसरा गुंता शाळेच्या पुस्तकातून येतो. लिखित, भौतिक आणि मौखिक साधने ही विभागणी मुलांनी सहावीपासून पाठ केलेली असते, आणि लिखित म्हणजेच प्राथमिक असे त्यांच्या मनात नकळत बसते. त्यांना स्पष्ट सांगा की ती विभागणी साधनाच्या रूपाची आहे आणि ही विभागणी घटनेपासूनच्या अंतराची आहे. ताम्रपट आणि काल छापलेले पाठ्यपुस्तक, दोन्ही लिखितच.

तिसरा गुंता शिक्षकांचाही होतो. समाजशास्त्र, वाणिज्य आणि समाजकार्याच्या प्रकल्पांत 'प्राथमिक तथ्ये' म्हणजे आपण स्वतः प्रश्नावली भरून किंवा मुलाखत घेऊन जमवलेली माहिती. तिथे जनगणनेचा अहवाल दुय्यम ठरतो, कारण तो दुसऱ्याने जमवला. इतिहासात १८८१च्या जनगणनेचा अहवाल त्या काळाचे प्राथमिक साधन असतो. एकाच मुलीला सकाळी एका तासाला एक आणि दुपारी दुसऱ्या तासाला नेमके उलटे शिकवले जाते, आणि दोन्ही शिक्षक आपापल्या जागी बरोबर असतात. शक्य असेल तर स्टाफरूममध्ये त्या विषयाच्या सहकाऱ्यांशी आधी बोलून घ्या. मग वर्गात सांगा की दोन शास्त्रांची दोन मोजमापे आहेत, एक 'कोणी गोळा केले' हे विचारते आणि दुसरे 'कधीचे आहे' हे.

दुसरी पायरी : घरच्या ट्रंकेतून सुरुवात

प्रत्येकाला घरातला एक जुना कागद पाहून यायला सांगा. शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, पोस्टाचे पासबुक, रेशनकार्ड, सातबारा, कुंडली, काहीही. मूळ कागद आणायचा नाही, तो हरवला तर भरून निघत नाही. मोबाइलवर फोटो काढून आणला तरी पुरे.

मग सगळ्यांना एकच प्रश्न द्या : तुमच्या आजोबांचा किंवा आजीचा जन्म कधी झाला?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न हमखास काम करतो. निम्म्या आजी-आजोबांच्या दाखल्यावर जन्मतारीख निघते १ जून. मुले आधी हसतात, मग एकमेकांच्या वहीत डोकावतात, आणि मग शांत होतात. एवढी माणसे एकाच दिवशी कशी जन्मली? कोणीतरी घरून ऐकून आलेले असते : शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, घरात तारीख कोणाला माहीत नसायची, मग मास्तर पोराकडे पाहून वय ठरवायचे आणि १ जून लिहून टाकायचे.

इथे थांबा आणि घाई करू नका, कारण या अवघड विषयातले निम्मे काम या एका दाखल्यावर होते. दाखला अस्सल आहे, त्यावर शिक्का आहे, तो सरकारी आहे. तरी आजोबांच्या जन्माबद्दल तो साक्षीदार नाही. तो ज्या घटनेचा साक्षीदार आहे ती घटना म्हणजे शाळाप्रवेश. 'त्या काळी शाळेत मुलांची नोंद कशी होत असे?' असा प्रश्न असेल तर हाच दाखला उत्तम प्राथमिक साधन. 'जन्म नेमका कधी?' असा प्रश्न असेल तर पणजीने सांगितलेले 'मोठ्या पुराच्या साली, नागपंचमीच्या आदल्या दिवशी' हे कदाचित जास्त जवळचे.

तिसरी पायरी : प्रश्न लिहिल्याशिवाय वर्गवारी करू देऊ नका

बहुतेक मार्गदर्शिका दोन रकाने देतात. डावीकडे पत्र, रोजनिशी, नाणे, शिलालेख आणि उजवीकडे पाठ्यपुस्तक, चरित्र, विश्वकोश. मुले ते पाठ करतात आणि परीक्षेत गुणही मिळवतात. पण हातात प्रत्यक्ष कागद आला की अडतात, कारण साधनाचा दर्जा त्या कागदात भरून ठेवलेला नसतो. प्रश्न बदलला की दर्जा बदलतो. तुमच्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणातून एकच गोष्ट नेली, तर ती ही असावी असे मला मनापासून वाटते.

जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा रचून प्रसिद्ध केला. अफझलखानाच्या भेटीत काय घडले हे शोधणाऱ्यासाठी तो दुय्यम आहे, कारण घटनेनंतर दोनशे दहा वर्षांनी लिहिला गेला. पण एकोणिसाव्या शतकातले सुधारक शिवाजी महाराजांकडे कसे पाहत होते, असा प्रश्न घेतला की तोच पवाडा अव्वल दर्जाचे प्राथमिक साधन होतो. वर्गात हे उदाहरण दिल्यावर कोणीतरी हमखास विचारते, "सर, मग प्रत्येक पुस्तक कशाचे तरी प्राथमिक साधन असतेच ना?" असते. ज्याने हा प्रश्न विचारला त्याला विषय कळला.

दुसरे उदाहरण गॅझेटियरचे, म्हणजे जिल्ह्याची सरकारी माहिती देणाऱ्या ग्रंथाचे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरचा अठरावा खंड १८८५ मध्ये निघाला. त्यात पिके, बाजारभाव, रस्ते, जातवार लोकसंख्या आहे, आणि जिल्ह्याचा जुना इतिहासही आहे. १८८०च्या सुमाराचे पुणे समजून घ्यायला पहिला भाग प्राथमिक. यादवांचा किंवा पेशव्यांचा इतिहास सांगणारा भाग मात्र दुय्यम, कारण तो इतर पुस्तकांवरून लिहिला आहे. खंड एकच, आत दोन दर्जे. म्हणून "हे पुस्तक प्राथमिक की दुय्यम?" असे विचारू नका. "या प्रश्नासाठी, या पुस्तकातला हा मजकूर काय आहे?" असे विचारा.

वहीच्या प्रत्येक पानावर सर्वांत वर प्रश्न लिहायची सवय लावा. प्रश्न नसेल तर पान तपासू नका.

चौथी पायरी : एका तारखेची उलटतपासणी

आता दोन तास राखून ठेवा. शिवाजी महाराजांची जन्मतारीख हा विषय मुलांच्या जिव्हाळ्याचा आहे. शिवजयंती शासकीय पातळीवर १९ फेब्रुवारीला होते आणि अनेक ठिकाणी तिथीनेही होते, हे त्यांनी पाहिलेले असते. पण एकेकाळी जन्माचे सालच वेगळे मानले जात होते, हे बहुतेकांना माहीत नसते.

वर्गाचे गट करा आणि प्रत्येकाला साधनाचे एक कार्ड द्या. एका कार्डावर चिटणीस बखर. तिचा लेखक मल्हार रामराव चिटणीस, काळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. उत्तरकालीन बखरींच्या परंपरेत जन्म वैशाख, शके १५४९ म्हणजे इ.स. १६२७ असा येत होता. दुसऱ्या कार्डावर जेधे शकावली : भोर संस्थानातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेली, सतराव्या शतकातल्या घटनांची सालवार टिपणे, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेली. तिच्यात जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तिसऱ्या कार्डावर महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाचे संस्कृत काव्य, शिवभारत. त्यातही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयाच. चौथ्या कार्डावर सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, महाराजांच्या निधनानंतर साधारण दीड दशकाने लिहिली.

प्रत्येक गटाने चार गोष्टी सांगायच्या. लिहिणारा कोण, घटनेपासून किती वर्षांवर, कोणासाठी लिहिले, आणि त्याला ही माहिती मिळाली कुठून असेल. शेवटचा प्रश्न सर्वांत कसाचा आहे. मुले अडखळतील. अडखळू द्या.

यातून दोन गोष्टी आपोआप वर येतात. एक, 'बखर' हा शब्द पाहून दर्जा ठरत नाही. सभासद महाराजांच्या दरबारात वावरलेला माणूस आहे, तर चिटणीसांच्या बखरीपर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. दोन, शकावली आणि शिवभारत ही दोन साधने एकमेकांवरून उतरवलेली नाहीत. एक देशमुखी घराण्याची रुक्ष टिपणे, दुसरे दरबारी काव्य, आणि तरी तिथी एकच. परस्परांशी संबंध नसलेले दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा तिचे वजन किती वाढते, हे मुलांना न सांगता दिसते.

एक हुशार मुलगा हात वर करून म्हणेल की परमानंद तरी जन्माच्या वेळी शिवनेरीवर कुठे होता? बरोबर आहे. त्याला शाबासकी द्या आणि दाखल्यावरच्या १ जूनची आठवण करून द्या. समकालीन असणे आणि प्रत्यक्षदर्शी असणे यांत फरक आहे, हे त्याने स्वतःच शोधून काढले.

याच तासात शकाचे सन करायला शिकवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, एवढेच पाठ असलेली मुले १५५१ अधिक ७८ करून १६२९ लिहितात. फाल्गुन शकाच्या शेवटी येतो, तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते, म्हणून इथे ७९ मिळवायचे, तेव्हा १६३० येते. आणखी एक बारकावा वरच्या वर्गांसाठी : सतराव्या शतकातले इंग्रज जुने जूलियन कॅलेंडर वापरत आणि गोव्याचे पोर्तुगीज नवे ग्रेगोरियन. त्यामुळे सुरतेच्या वखारीतले पत्र आणि गोव्याचे पत्र यांत एकाच दिवसाच्या तारखा दहाने वेगळ्या दिसतात. दोन अस्सल कागद भांडताना दिसले तर आधी पंचांग तपासावे.

पाचवी पायरी : छापील कागदाचे कोडे

छापलेले म्हणजे दुय्यम, असा एक ठाम समज असतो. तो मोडायला वि. का. राजवाडे यांनी संपादित केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडमालेतला पहिला खंड घ्या. छापला गेला १८९८ मध्ये. आत पत्रे आहेत १७५० ते १७६१ या काळातली, पानिपतापर्यंतची. पत्रांचा मजकूर प्राथमिक. आधीची राजवाड्यांची दीर्घ प्रस्तावना दुय्यम, कितीही थोर असली तरी. तळटीपाही दुय्यम. मुलांना पेन्सिलीने झेरॉक्सवर रेघ मारायला लावा : इथपर्यंत संपादक बोलतो, इथून पुढे पत्र बोलते.

मोडीतून बाळबोधीत (देवनागरीत) आणलेला मजकूर हा एक टप्पा आणखी दूरचा. लिप्यंतर करणाऱ्याच्या नजरेतून गाळलेले किंवा चुकीचे लागलेले अक्षर तसेच पुढे जाते. वर्गात मोडी येणारे कोणी असेल तर एखाद्या पत्राची मूळ प्रतिमा आणि छापील पाठ शेजारी ठेवून पाहा. नसेल तर एवढेच सांगा की संदर्भ देताना 'मूळ पत्र पाहिले' असे लिहू नये, 'अमुक खंडातल्या छापील पाठावरून' असे लिहावे. हा प्रामाणिकपणाचा भाग आहे आणि त्यात कमीपणा काहीही नाही.

संपादकाचा हात किती लांब पोहोचतो यासाठी माझ्या मते गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'इतके चांगले उदाहरण मराठीत दुसरे नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा झाशीत होते. परत आल्यावर सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी हकिगत लिहून काढली. चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, पण भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून तयार केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. म्हणजे साठ वर्षे वाचक जे वाचत होते ते गोडसे आणि वैद्य यांचे मिश्रण होते. दोन्ही आवृत्त्यांतला एकच प्रसंग शेजारी ठेवून मुलांना फरक शोधायला द्या. 'कुठली आवृत्ती?' हा प्रश्न त्यानंतर त्यांना शिकवावा लागत नाही.

आणि याच पुस्तकावरून दुसरी गोष्टही शिकवता येते. गोडसे प्रत्यक्षदर्शी आहेत, साधन प्राथमिक आहे, पण पंचवीस वर्षांनी आठवणीतून लिहिले आहे. झाशीच्या गल्ल्यांत त्यांनी स्वतः पाहिलेले एका रंगाने अधोरेखित करा, आणि इतरांकडून ऐकलेले दुसऱ्या रंगाने. एकाच पानावर दोन्ही रंग येतात. प्राथमिक म्हणजे खरे, हे समीकरण तिथे आपोआप मोडते. दुय्यम साधनाचीही बाजू घ्या. चांगला इतिहासकार पन्नास पत्रे पडताळून एक वाक्य लिहितो, आणि नवख्याने आधी तेच वाचावे. दुय्यम ग्रंथ वाचल्याशिवाय अस्सल कागदाला काय विचारायचे हेच कळत नाही.

सहावी पायरी : मोबाइलवर आलेले

हे थोडक्यात उरकता येईल. फॉरवर्ड होऊन आलेले 'महाराजांचे दुर्मीळ पत्र' वर्गात दाखवा आणि तीनच गोष्टी विचारा. मूळ कुठे ठेवले आहे? त्याचा दप्तर किंवा रुमाल (कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे) क्रमांक काय? ते कोणत्या खंडात छापले आहे? एकाचेही उत्तर नसेल तर तो कागद प्रकल्पात घ्यायचा नाही. विकिपीडियावरचा लेख दुय्यमाहूनही एक टप्पा दूरचा, पण तळाशी दिलेले संदर्भ पाहून मूळ ग्रंथापर्यंत जाण्याची वाट म्हणून उपयोगी. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर अनेक मूळ कागदांच्या प्रतिमा घरबसल्या पाहता येतात. पुण्याजवळच्या मुलांना पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांची एक सहल जरूर घडवा. रुमालात बांधलेले दप्तर डोळ्यांनी पाहिले की अस्सल या शब्दाला वास आणि वजन येते.

सातवी पायरी : साधन स्वतः तयार करणे

शेवटचा प्रकल्प म्हणून मी बहात्तरच्या दुष्काळावर मुलाखती घ्यायला लावतो. १९७२ साली जाणत्या वयात असलेली माणसे अजून गावोगावी आहेत, आणि त्यांना हे कोणी विचारतच नाही. खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली, सुकडी खाल्ली, परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या, हे सगळे आजही तपशिलात सांगतात.

मुलाखतीआधी प्रश्न ठरवा. 'दुष्काळ कसा होता?' असे विचारले तर 'लई वाईट' एवढेच उत्तर येते. 'कामावर जाताना सोबत काय न्यायचात?', 'पगार कोणाच्या हातात मिळायचा?', 'लहान पोर कुठे ठेवायचात?' असे विचारले की आजी बोलू लागते. तिला 'अहो आजी' म्हणून विचारा, मध्ये तोडू नका, आणि ती रडली तर रेकॉर्डिंग थांबवा. परवानगी आधी घ्या, नाव द्यायचे की नाही हेही तिलाच ठरवू द्या.

मग वहीत तीन भाग वेगळे ठेवायचे. रेकॉर्डिंग आणि त्याचे शब्दशः टिपण, तिच्या बोलीत, 'व्हतं' असेल तर 'व्हतं'च. हे प्राथमिक. विद्यार्थ्याने त्यावरून लिहिलेला लेख, हे दुय्यम. आणि तिसरा भाग पडताळणीचा : त्या काळची वर्तमानपत्रे, ग्रामपंचायतीत किंवा तहसीलमध्ये मिळाले तर कामाचे मस्टर. मस्टरवर बाईचे नाव नवऱ्याच्या नावाखाली दडलेले असते किंवा नसतेच, आणि आजी सांगते की सहा महिने तिने तिथे रोज घमेले उचलले. दोन्ही प्राथमिक साधने, आणि दोघांचे जमत नाही. का जमत नाही, यावर मुलाने एक पान लिहायचे. मी गुण सर्वांत जास्त त्या पानाला देतो.

तपासून झाल्यावर टिपणाची एक स्वच्छ प्रत आजीच्या घरी पोहोचवायची, आणि रेकॉर्डिंगची प्रत, तिची हरकत नसेल तर, तारीख, गाव आणि विचारणाऱ्याचे नाव घालून कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवायची.